खाऱ्या ओढ्याचं पाणी

आमच्या घरात पाणी फुटांत आणि बोटांत बोललं जातं. गाव कृष्णाकाठी, पलूसच्या बाजूला. पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे हे शाळेतल्या पोरीसुद्धा सांगतात. महापुराच्या दिवसांत आमच्या घाटावर खाचा पाडलेली काठी रोवायचं काम माझ्याकडं असतं. दर तासाला जायचं, किती बोटं चढली ते बघायचं आणि पाणी कुठल्या आळीत किती वाजता पोहोचेल ते सांगायचं. दोन पुरांत माझा अंदाज पाऊण तासाच्या आत बरोबर आला. त्या अंदाजावर लोकांनी वेळेत जनावरं हलवली. तेव्हापासून गावात माझ्या आकड्याला किंमत आली. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं नोकरी करतो. आकडा बघितल्याशिवाय मी काही मानत नाही आणि एकदा बघितला की त्यावर शंका घेत नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही अंदमानला गेलो. कराडहून अठरा जणांची सहल होती. माझे मोठे बंधू येणार म्हणून मी गेलो. दादा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. चोवीस वर्षं फौजेत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता ऊस बघतात. दोन वर्षांपूर्वी कराडला त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलेली होती, उलट रोज चार किलोमीटर चाला असंच सांगितलं होतं. तरी वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. निघायच्या दिवशी त्यांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचं पान माझ्या खिशात घातलं आणि वरून खिसा दाबला.

"भावजी, ह्यांच्या खिशात ठिवलं तर हे म्हणतील मला काय झालंय. तुमच्यापाशी असू द्या. तुमच्या भरवशावर पाठवतीया."

मी म्हणालो, "वैनी, जसे नेतो तसे आणून सोडतो."

सहलीतला पाचवा दिवस मोकळा होता. बाकीची मंडळी बाजारात गेली. दादांनी आदल्या दिवशी हॉटेलात कुणाकडून तरी ऐकलं होतं, की जवळच्या एका लहान बेटावर दुसऱ्या महायुद्धातले जपानी बंकर आहेत, किनाऱ्याकिनाऱ्यानं पायवाट आहे आणि फारसं कुणी जात नाही. शेवटच्या गोष्टीनं त्यांचा निश्चय पक्का झाला. मी सकाळी आठ वाजता त्यांच्याबरोबर डोंगीत, म्हणजे तिकडच्या इंजिनाच्या लहान नावेत बसलो.

सव्वानऊला उतरलो. धक्क्यावर वनखात्याचा एक पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. त्यानं वहीत नावं लिहून घेतली आणि हिंदीत सांगितलं, "आगे एक नाला है. बारह बजे तक वापस पार कर लेना. नाव दो बजे जाएगी." नाल्यापाशी मगरींपासून सावध राहा असा फलक आहे, तोही वाचा म्हणाला.

पायवाट चांगली होती. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला इतकी दाट झाडी की वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पाऊण-एक तासात ओढा लागला. चिखलातून वर आलेली खाजणाच्या झाडांची मुळं, त्यांच्यामधून चौदा पावलं रुंदीचा पाण्याचा पट्टा. पाणी चार बोटं होतं. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. फलकावर मगरीचं चित्र होतं. ते बघून मला आमचा घाट आठवला. कृष्णेत मगरी आहेतच. आमच्याकडं गढूळ आणि संथ पाण्याच्या कडेला कुणी पाठ करून बसत नाही. पण इथं चार बोटं पाण्यात मगर लपणार कुठं? बूट हातात घेऊन आम्ही पलीकडं गेलो.

"बारा वाजता परत या म्हणं," दादा म्हणाले. "आरं पाऊस न्हाई, वर धरण न्हाई. ह्या ओढ्याला पाणी येनार कुठनं?"

भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो. पण ती पुस्तकातल्या समुद्राची. आपल्या डोळ्यांसमोरच्या ओढ्याला ती लागू असेल असं मनाला पटकन वाटत नाही. तरी माझ्या सवयीनं मी एक वाळकं फाटं मोडलं, नखानं बोटाबोटाच्या खुणा केल्या आणि कडेला रोवलं. दादांना सावलीत बसवलं. वीस मिनिटांनी बघितलं तर पाणी तीन बोटं चढलं होतं.

"चढतंय," मी म्हणालो. "वीस मिनिटाला तीन. म्हंजे तासाला नऊ बोटं."

"मग?"

"मग काय न्हाई. साडेबारालाबी गुडघ्याच्या खालीच ऱ्हाईल."

"झालं तर," दादा म्हणाले आणि उठले.

ओढ्यापासून साठ पावलांवर, जरा चढावर, पहिला बंकर होता. काँक्रीटचा बसका चौकोन, निम्मा जमिनीत गाडलेला, समुद्राकडं तोंड करून वीतभर उंचीची आडवी फट. भिंतीची जाडी मी मोजली, तीन विती भरली. छतावर एका झाडानं मुळं पसरली होती, पण काँक्रीटला तडा गेला नव्हता. आतून ओल आणि वटवाघळांचा वास येत होता. दादा वाकून मागच्या दारातून आत गेले. मी बाहेर थांबलो. मला अशा ठिकाणी आत जायला आवडत नाही.

मग फटीतून त्यांचा आवाज आला.

"दोन मानसं बसायची हितं. तिसऱ्याला जागा न्हाई. आन् दार बघितलंस का? रांगत जावं लागतंय. म्हंजे बाहेर पडायला येळ लागनार. बसवनाऱ्यानं इचार करूनच बसवलंय."

"कसला इचार?"

"ह्यात बसलेला मानूस परत जायचा न्हाई, ह्यो."

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना काळी माती लागली होती. बेटावरच्या लोकांकडून मारून मुटकून हे बांधून घेतलं असं त्यांनी हॉटेलात ऐकलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाले, पुढं टोकावर दुसरा बंकर आहे, तिथं तोफ आहे. पंचवीस मिनिटांची वाट.

सव्वाअकरा वाजले होते. बारा वाजता ओढा ओलांडायचा तर तिथूनच मागं फिरायला हवं होतं. दादांनी माझ्याकडं बघितलं.

"तुजा आकडा काय म्हनतोय रं?"

मी मनात पुन्हा हिशेब केला. तासाला नऊ बोटं. सव्वाबारापर्यंत बावीस-तेवीस बोटं खोली. माझी काठी तिथून फक्त साठ पावलांवर होती. खाली जाऊन ती एकदा बघून यायला दीड मिनिट लागलं असतं. मी गेलो नाही. आमच्या नदीला पाणी सुरुवातीला ज्या चालीनं चढतं त्याच चालीनं पुढंही चढतं. कोयनेतून जास्त सोडलं तर आधी बातमी येते, मग पाणी. इथंही तसंच असणार, असं मी धरून चाललो.

"चला," मी म्हणालो. "तास-सव्वा तास हाय आपल्याकडं."

तोफ खरंच होती. गंजून तिचे पापुद्रे सुटत होते आणि तोंड समुद्राकडं रोखलेलं होतं. दादांनी तिच्यावर हात ठेवला, कुठला भाग कशाचा ते मला दाखवलं. मी घड्याळ बघत होतो, पण चिंतेनं नाही. परत येताना दादा हळू झाले. दोनदा थांबले. दम लागलाय का विचारलं तर म्हणाले, "ऊन लागतंय."

बारा पन्नासला आम्ही ओढ्यावर आलो आणि मला ओढा ओळखू आला नाही.

चौदा पावलांचा पट्टा चाळीस-पन्नास पावलं झाला होता. मुळं बुडाली होती. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि तळ कुठंच दिसत नव्हता. माझी काठी शोधली. ती जिथं असायला हवी होती तिथं नुसतं पाणी होतं. पलीकडचा मगरीचा फलक आता पाण्यात उभा होता.

सगळ्यात जास्त घाबरलो ते दुसऱ्याच गोष्टीनं. पाण्यावर एक पिवळं पान होतं. ते समुद्राकडून जंगलाकडं चाललं होतं. चालत्या माणसाच्या वेगानं, उताराच्या उलट. पन्नास वर्षांत मी कधी ओढा उलटा वाहताना बघितला नव्हता. हे पाणी माझ्या हिशेबातलं नव्हतं. ते पहिल्या तासात सावकाश आलं आणि नंतर धावत आलं. मी त्याची पहिली वीस मिनिटं मोजली होती आणि त्यावर दादांना पुढं नेलं होतं.

दादांनी बूट काढले, पँट वर केली आणि काही न बोलता पाण्यात उतरले. चार पावलांत मांड्या बुडाल्या. पाचव्याला ते डगमगले. मी धावत जाऊन मागून त्यांचा पट्टा धरला.

"सोड."

"दादा, माघारी फिरा."

"आरं सोड म्हनतोय न्हवं! किसना पवून गेलोय मी भर पुरात. ह्ये काय, डबकं!"

"तवा तुमी वीस वर्साचं होता. तवा छातीत लोखंड नव्हतं."

"भित्र्या," ते म्हणाले. "लहानपनापासनं तू भित्राच."

"व्हय, भ्यालोय," मी म्हणालो. "लय भ्यालोय. माघारी फिरा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग फिरले. कडेला आल्यावर ते एका मुळावर बसले आणि डाव्या हाताचा दंड चोळू लागले. त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं की ते चोळतायत. मग जबडा चोळला. ओठांवर घाम होता.

"छातीत काय होतंय का?"

"जड वाटतंय जरा."

दादांनी 'जरा' म्हटलं म्हणजे काय ते मला माहीत होतं. गोळ्यांचं पान फोडताना घाईत पहिली गोळी चिखलात पडली. दुसरी त्यांच्या जिभेखाली ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच मिनिटं थांबायचं, कमी नाही झालं तर दुसरी द्यायची आणि दवाखाना गाठायचा. दवाखाना ओढ्यापलीकडं पाऊण तास चाल, मग डोंगी, मग गाडी. मोबाइलला रेंज नव्हती. मी फोन डोक्यावर धरून चारी दिशांना फिरलो. नव्हतीच.

पाणी आम्ही बसलो होतो तिथं पायाला लागलं. मी दादांना उठवलं. दहा पावलं चालवायचं, बसवायचं. दहा पावलं, बसवायचं. असं करत वर बंकरपाशी आणलं. कोरडी आणि सपाट जागा तेवढीच. मागच्या बाजूनं छत कमरेइतकंच उंच होतं. मी त्यांना त्यावर बसवलं. आत सावली होती, पण आत जायला ते तयार झाले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. पाच मिनिटं झाली. जडपणा कमी झाला नव्हता. दुसरी गोळी दिली.

"गड्या," ते डोळे मिटून म्हणाले, "आता मला हितंच ठिव. जपान्याच्या जागंवर बसतो. पेन्शन तेवढी तुज्या वैनीला मिळंल बघ."

"गप बसा."

"ऑर्डर सोडतोय व्हय सुभेदाराला?"

त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तोही अर्ध्यात सोडला.

सव्वा वाजून गेला होता. नाव दोनला जाणार. मी एकटा असतो तर हा ओढा पोहून गेलो असतो का? मला विहिरीत आणि नदीत पोहता येतं. पन्नास पावलं म्हणजे फार नाही. पलीकडं पोहोचलो असतो तर धावत तीस मिनिटांत धक्का, म्हणजे नाव निघायच्या आत. माणसं आणली असती. हिशेब अगदी सरळ होता आणि या वेळी तो बरोबरही असावा. इथं बसून राहिलो तर दादांच्या छातीत काय होईल ते माझ्या हातात नव्हतं.

मी त्यांना म्हणालो, "दादा, मी खाली जाऊन बघून येतो." पोहून जातो असं म्हणालो नाही.

खाली गेलो. शर्ट काढला. गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलो. पाणी कोमट होतं. पलीकडच्या बाजूला झाडांच्या सावलीत काहीतरी हललं. फांदी असेल. एखादी लाट मुळांमध्ये शिरली असेल. मला आमच्या घाटावरचं एक कुत्रं आठवलं. पाणी पीत होतं, मान खाली घातली, आणि नंतर ते नव्हतंच. आवाजसुद्धा झाला नव्हता. मी तसाच उभा राहिलो. पुढचं पाऊल टाक, असं मी स्वतःला तीन वेळा सांगितलं. पाय उचलला नाही. पाणी गुडघ्यावर चार बोटं चढलं, तरी मी तिथंच होतो. मग मी मागं फिरलो, शर्ट घातला आणि वर आलो.

दादांना म्हणालो, "ओढ लय हाय. आन् तुमाला एकटं सोडून जायाचं नको वाटलं."



पुढचे दोन तास मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. त्यांच्या कपाळाला ओला रुमाल लावत होतो. पाणी किती वर आलं ते बघत होतो, पण मोजत नव्हतो. माझा मोजण्यावरचा विश्वास उडाला होता. पाणी बंकरच्या खाली वीसेक पावलांवर आलं तेव्हा वाटलं, हे थांबणारच नाही. दोन वाजून गेले. आता नाव गेली, म्हणजे उद्या सकाळपर्यंत कुणी येणार नाही, असं मी धरलं. तिकडं दिवस सव्वापाचला मावळतो. दादांचा श्वास मधेच खोल जायचा आणि पुढचा यायला उशीर व्हायचा. तेवढ्या वेळात मी माझाही श्वास रोखून धरायचो. वहिनींना काय सांगायचं त्याची वाक्यं मनात आपोआप जुळत होती. मी ती मोडत होतो, ती पुन्हा जुळत होती.

सव्वातीनच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला. समुद्राकडून डोंगी थेट ओढ्याच्या मुखातून आत शिरली. भरतीचं पाणी होतं म्हणूनच ती इतकी आत येऊ शकली. नावाडी होता आणि सकाळचा पहारेकरी होता. धक्क्यावर दोन माणसं कमी आली म्हणून नाव थांबवली होती. बंकरवर दादांना बघून पहारेकरी आधी ओरडला, "बारह बोला था ना! बारह!" मग त्यांचा चेहरा बघून धावत वर आला. आम्ही तिघांनी त्यांना उचलून डोंगीत आडवं केलं. ते पाणी आता पन्नास पावलांहूनही रुंद होतं, आणि आम्ही ते अर्ध्या मिनिटात ओलांडलं.

दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. हृदयावर ताण आला होता. मोठा झटका नव्हता, पण होता होता राहिला होता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गावी गेल्यावर पुन्हा तपासणी करा म्हणाले. मी वहिनींना फोन केला. पाण्याचा हिशेब माझा चुकला, बाराला परत यायला सांगितलं होतं, मी दादांना पुढं नेलं, हे सगळं सांगितलं. त्या रडल्या. मला शिव्या देतील असं वाटलं होतं.

"हिशेब चुकला तर चुकला," त्या म्हणाल्या. "पर भावजी, तुमी त्यास्नी टाकून गेला न्हाईसा. दुसरा असता तर जीव घिऊन पळाला असता. तुमी बसून ऱ्हायलासा."

पाण्यात उतरून मागं फिरलो होतो, तेवढं मात्र मी सांगितलं नाही. फोन ठेवला.

दादा खाटेवर पडून ऐकत होते. नाकाला नळी होती. वॉर्डात बाकी दोन खाटा रिकाम्या होत्या. ते म्हणाले,

"बंकरच्या छपराव बसलं की ओढा दिसतोय तितनं."

मी फोन खिशात घातला.

"शर्ट काढून उतरला हुतास."

"व्हय."

"किती?"

"गुडघ्यापातुर. पुढं पाय उचलंना, दादा. तुमच्यासाटी न्हाई आलो माघारी. मला भ्या वाटलं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भित्र्या म्हणतील. तसा त्यांना हक्क होता.

"तू शर्ट काढलास न्हवं," ते म्हणाले, "तवा मला वाटलं ह्यो आता जातोय. हाक मारायला गेलो, तर आवाज फुटंना. चोवीस वर्सात असं भ्या न्हाई वाटलं मला." ते थांबले. श्वास घेतला. "कशासाटी आलास ते तुझं तुझ्यापाशी. आलास, बास झालं. आन् ह्यातलं वैनीला काय सांगू नगंस."

"कशातलं?"

"मला भ्या वाटल्यालं."